कुंपण न मानणारं हरीण



ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण दर वर्षी इथं जमतो, त्यांनी आम्हाला वनस्पतिशास्त्र शिकवलं ते बरंचसं उकिडवं बसून. एकदा भोर भागातल्या एका देवराईत आम्ही सगळी मुलं माना मागे टाकून झाडांचे शेंडे शोधत होतो आणि सर खाली बसून पालापाचोळा सारत होते. बराच वेळ धुंडाळल्यावर म्हणाले, "म्हातारी माणसं सगळी घरात आहेत रे. पोरं कुठायत?" वर छत्र दाट होतं, खाली एकही रोप हाताला लागत नव्हतं. गुरं आत शिरत होती आणि उगवेल ते चरून टाकत होती.

पंचवीस-तीस वर्षांनी हाच प्रश्न मला अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात भेटला. तिथं मी माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत नोकरीला होतो. शेतकरी मातीचे नमुने आणून देत, सोबत एक तक्ता भरून देत. त्यात एक रकाना असे, कोणतं पीक घेणार? मका, सोयाबीन, अल्फाल्फा, हीच उत्तरं रोज वाचायची. एका वसंतात एका वयस्कर गृहस्थांनी कॉफीच्या डब्यातून माती आणली आणि त्या रकान्यात लिहिलं, "हरीण." मला वाटलं चुकून लिहिलं असेल. त्यांना फोन केला. चूक नव्हती. आज मी जे बोलणार आहे, ते त्या एका शब्दापासून सुरू झालं.

मॅडिसन शहराच्या पश्चिमेला, डोंगरउतारांच्या मुलखात त्यांची ऐंशी एकर जमीन होती. हिमयुगातल्या बर्फाच्या थरांनी आसपासचा सगळा प्रदेश घासून सपाट केला, हा तुकडा तेवढा सुटला. त्यामुळे इथं टेकड्या आहेत, खोल घळी आहेत, माथ्यावर ओक आणि उतारावर मॅपलचं रान आहे. तळातली थोडी जमीन ते मक्यासाठी दुसऱ्याला कसायला देत. उरलेली सगळी जमीन पांढऱ्या शेपटीच्या हरणांसाठी. हे हरीण घाबरलं की शेपूट उभारून पळतं, आणि शेपटीखालचा पांढरा झुपका निशाणासारखा दिसत राहतो. नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी, बंदुकीच्या शिकारीचा नऊ दिवसांचा मोसम उघडतो. लाखो माणसं भडक नारिंगी कपडे घालून रानात शिरतात. शाळांच्या वर्गांत बाकं रिकामी दिसतात, कारखान्यांत रजांच्या अर्जांचा ढीग पडतो. त्या नऊ दिवसांसाठी हे गृहस्थ उरलेले तीनशे छपन्न दिवस जमीन राखत होते.

माझ्या आईच्या गळ्यात तुळशीची माळ होती. आमच्या घरात अंडंसुद्धा शिजलं नाही. तिथं राहून मी कधी बंदूक हातात घेतली नाही. तरी या माणसाच्या रानात मी जवळजवळ वीस वर्षं जात राहिलो, त्याचं कारण तिथलं जाळीचं कुंपण. खोली-दीड खोलीएवढ्या जागेला त्यांनी माणसाच्या डोक्यावरून जाईल इतकी उंच तारेची जाळी लावली होती. आत ट्रिलियमची फुलं पसरली होती, तीन पानं, तीन पाकळ्या, पांढरीशुभ्र. मॅपलची रोपं कमरेला लागत होती. जाळीबाहेर मोकळी माती, नेचे आणि हरणाच्या तोंडाला न रुचणारं गवत. ट्रिलियमला बीपासून पहिलं फूल यायला सात-आठ वर्षं लागतात. त्या सात वर्षांत हरणानं एकदा तोंड लावलं की पुन्हा मागे. बाहेरच्या मोठ्या झाडांवर हरणाची मान पोचते तेवढ्या उंचीवर फांद्या सपाट कापल्यासारख्या दिसत होत्या, जणू कुणी दोरी धरून रेघ मारली आहे. त्या रेघेखाली रान रिकामं होतं. मी उकिडवा बसलो आणि सरांचा आवाज ऐकू आला.

आता हे हरीण कुणाचं, ते आधी सांगितलं पाहिजे, कारण बाकीचा सगळा पेच त्यातूनच निघतो. इंग्लंडमध्ये पूर्वी रानातली शिकार राजाची आणि जमीनदाराची. अमेरिकेत वसाहत करायला आलेल्या माणसांना तीच गोष्ट मागे टाकायची होती. १८९६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं 'गीर विरुद्ध कनेक्टिकट' या खटल्यात सांगितलं की वन्य प्राणी हे राज्यानं जनतेच्या वतीनं सांभाळायची ठेव आहेत. तो निकाल १९७९ साली उलटवला गेला, पण ठेवीची कल्पना राज्यांच्या कायद्यांत आजही मुरलेली आहे. म्हणजे जमीन त्या गृहस्थांची, झाडं त्यांची, मका त्यांचा, पण मका खाणारं हरीण विस्कॉन्सिनच्या सगळ्या जनतेचं. स्वतःच्या अंगणात उभं असलेलं हरीणही त्यांना मोसमाबाहेर आणि परवान्याशिवाय मारता येत नाही. दुसऱ्या बाजूनं, राज्याला हरणांची संख्या कमी करायची असली तरी मालकाच्या संमतीशिवाय कुणा शिकाऱ्याला त्या जमिनीवर पाय टाकता येत नाही. कुलूप एक आणि किल्ल्या दोन. दोन्ही एकदम फिरल्या तरच ते उघडतं.

आणि हरणाला सातबारा वाचता येत नाही. अमेरिकेची बरीचशी जमीन १७८५ च्या कायद्यानं चौकोनांत मोजली गेली. एक मैल बाय एक मैल, म्हणजे ६४० एकरांचा एक चौकोन. त्याचे सोळा तुकडे केले की चाळीस एकरांचा एक. तिथले शेतकरी अजूनही "मागचा चाळीसचा तुकडा" असंच बोलतात. आमच्या गृहस्थांकडे असे दोन तुकडे. एका मादीचा वावर साधारण त्या मोठ्या चौकोनाएवढा असतो, कधी कमी, कधी जास्त. म्हणजे एकच मादी आठ मालकांकडे चरते. दीड वर्षाचा नर तर जन्मलेलं रान सोडून कित्येक मैल लांब निघून जातो. तुम्ही चार वर्षं राखलेलं हरीण पाचव्या वर्षी शेजाऱ्याच्या मचाणाखालून जाणार, हे धरूनच चालायचं. टेक्सासमध्ये श्रीमंत मालक आठ फूट उंच तारेची भिंत घालून हजारो एकर बंद करतात. मला ती पद्धत पटत नाही. आत राहिलेलं ते हरीण मग ठेव राहत नाही, गोठ्यातलं जनावर होतं.

त्या डब्यातल्या मातीचा सामू साडेपाचच्या खाली निघाला. त्यांना क्लोव्हर पेरायचं होतं, आपल्या बरसीमच्याच कुळातलं. क्लोव्हरला सामू साडेसहाच्या आसपास हवा, नाहीतर मुळांवरच्या गाठी नीट धरत नाहीत. मी एकरी किती चुना टाकायचा ते लिहून दिलं. टेकडीवरच्या दोन मोकळ्या जागांत त्यांनी चुना पसरला, क्लोव्हर आणि सलगम लावलं, शरदात राय पेरली. सलगमच्या पाल्यावर कडक थंडी पडून गेली की त्यातली साखर वाढते आणि हरणं तुटून पडतात. या तुकड्यांना तिथं फूड प्लॉट म्हणतात. त्यांची बियाणी विकणाऱ्यांचा मोठा बाजार आहे, पिशवीवर बारा फाटे फुटलेल्या शिंगांच्या नराचं चित्र. मला त्या वेळी वाटलं, छान काम झालं. माती सुधारली, जनावराला चारा मिळाला. माझं चुकत होतं, आणि ते कळायला मला तीन वर्षं लागली. क्लोव्हर खाऊन माद्या धष्टपुष्ट झाल्या. चांगल्या पोसलेल्या मादीला जुळी होणं नेहमीचंच. पुरेसा चारा मिळाला तर त्याच वर्षी जन्मलेली पाडसंसुद्धा सात महिन्यांची होऊन माजावर येतात. हरणं वाढली. क्लोव्हर दिवसातून दोन घटका. बाकी वेळ ती रानातच. मॅपलच्या कळ्या, ओकचे कोंब, ट्रिलियमची पानं. मी चुना लिहून दिला आणि जाळीबाहेरची माती आणखी उघडी पडली.

म्हणून ओकबद्दल त्यांनी जे केलं ते मला जास्त मोलाचं वाटतं. व्हाइट ओकचं फळ एका मोसमात पिकतं, त्यात टॅनिन कमी, म्हणजे तुरटपणा कमी. हरीण ते आधी शोधतं. रेड ओकचं फळ पिकायला दोन वर्षं लागतात, ते कडसर असतं, हिवाळ्यासाठी मागे उरतं. रानात दोन्ही हवेत. जुन्या व्हाइट ओकच्या डोक्यावर ज्या मॅपलनी सावली धरली होती, ते त्यांनी हेरून हेरून पाडले, ओकला चहूबाजूंनी ऊन मिळू दिलं. काही लहान झाडं कमरेच्या उंचीवर अर्धवट कापून आडवी पाडली, एका बाजूची साल जिवंत ठेवून. ती झाडं आडवी असूनही पालवत राहतात, हरणाला चारा मिळतो, हिवाळ्यात आडोसा मिळतो. विस्कॉन्सिनमध्ये १९८५ च्या एका कायद्यानुसार, जो मालक वनाचा आराखडा करून त्याप्रमाणे वागतो, त्याला जमिनीच्या करात मोठी सूट मिळते. जमीन सगळ्यांना शिकारीसाठी खुली ठेवली तर जास्त, बंद ठेवली तर कमी. झाड पाडायची परवानगी द्यायला आलेल्या वनाधिकाऱ्याबरोबर हे गृहस्थ दिवसभर रानात फिरत आणि संध्याकाळी मला फोन करून कोणत्या ओकवर काय ठरलं ते सांगत.

पण चारा वाढवून किंवा ओक मोकळे करून मूळ प्रश्न सुटत नव्हता. प्रश्न संख्येचा होता. १९०० सालच्या सुमारास अख्ख्या अमेरिकेत ही हरणं पाच लाखांच्या आत उरली होती. बाजारासाठी, कातड्यासाठी बेसुमार मारली गेली. मग १९०० चा लेसी कायदा आला, मोसम ठरले, बाजारी शिकार बंद झाली. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानं बंदुका आणि काडतुसांवरचा कर थेट वन्यजीवांच्या कामाला जोडला. शिकाऱ्यांच्याच खिशातून हरीण परत आलं, हे मान्य केलं पाहिजे. आज ती जवळपास तीन कोटी आहेत. किती वेगानं वाढतात याचा धडा मिशिगनमधल्या जॉर्ज रिझर्व्हनं दिला. १९२८ साली साधारण अकराशे-बाराशे एकरांच्या कुंपणात दोन नर आणि चार माद्या सोडल्या. सहा वर्षांनी माणसांची रांग लावून हाका घातला आणि मोजलं, तर एकशे साठ. लांडगा विस्कॉन्सिनमधून १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुसला गेला होता. उत्तरेत तो पुढं परत आला, पण दक्षिणेतल्या या शेतांच्या मुलखात त्याचं काम करणारा आता एकच प्राणी उरला आहे. तो नारिंगी जाकीट घालतो.

आणि तो काम उलटं करतो. लांडगा म्हातारं, दुबळं, पाडस, जे सापडेल ते घेतो. माणूस शिंगं घेतो. मादीला गोळी घालणं पिढ्यान्‌पिढ्या नामुष्कीचं मानलं गेलं, कारण १९०० च्या त्या दुष्काळातून हरीण परत आणताना माद्यांना अभय देणं हाच धर्म होता. कळप उभा करायच्या काळात तो धर्म बरोबर होता. कळप ओसंडून वाहू लागल्यावरही तो सुटला नाही. वन्यजीवशास्त्रज्ञ आल्डो लिओपोल्ड यांचं नाव तुमच्यापैकी अनेकांना माहीत आहे. 'गेम मॅनेजमेंट' हा त्यांचा ग्रंथ १९३३ चा; १९३५ साली बाराबूजवळ त्यांनी एक थकलेली, ओसाड झालेली शेती विकत घेतली आणि कोंबड्यांच्या खुराड्याची राहायची झोपडी केली. १९४३ साली ते विस्कॉन्सिनच्या संवर्धन आयोगावर होते. उत्तरेत हरणं उपाशी मरत आहेत, रान संपवत आहेत, म्हणून माद्यांचीही शिकार उघडा, असा आग्रह त्यांनी धरला. त्या मोसमात सव्वा लाखाहून अधिक हरणं पडली. लोक खवळले. "१९४३ चा गुन्हा" असंच त्याला नाव पडलं, लिओपोल्डवर चिखलफेक झाली. पाच वर्षांनी शेजाऱ्याच्या रानाला लागलेली आग विझवताना ते गेले. ज्या माणसानं हरणांसाठी आयुष्य वेचलं त्याला हरणांचा वैरी ठरवलं गेलं, हे मला अजून सहन होत नाही.

आमच्या गृहस्थांनी माद्यांचा विषय शेजाऱ्यांपुढे काढला तेव्हा दोन घरं त्यांच्याशी वर्षभर बोलली नाहीत. शेवटी पाच मालक तयार झाले. जानेवारीत, बर्फ पडून रस्ते बंद व्हायच्या आत, ते सगळे त्यांच्या स्वयंपाकघरात जमत. टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं आणि त्यावर उकळून स्वच्छ केलेले खालचे जबडे, प्रत्येकाला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली. वय दातांवरून ठरतं. तिसरी दाढ तीन टोकांची असेल तर हरीण दीड वर्षाचं. दुधाची ती दाढ पडून दोन टोकांची आली की दोनाच्या पुढचं. त्यापुढं झीज पाहायची. दाताच्या कडेचं पांढरं कवच आणि आतला तपकिरी भाग यांतला कोणता रुंद आहे? तपकिरी रुंद होत गेला की वय चढत गेलं. मातीचे कण तपासायची सवय असल्यामुळे की काय, मला हे काम पटकन जमलं आणि पुढं जबडे वाचायचं माझ्याकडेच आलं. ज्या घरी आईच्या हातचं ताट कांद्याविना वाढलं जायचं, तिथला मुलगा जानेवारीच्या रात्री हरणांचे दात मोजत बसलेला. पहिल्या वर्षी नरांच्या जबड्यांत एक सोडून सगळे दीड वर्षाचे होते. म्हणजे मोठा नर दिसत नाही, अशी ज्यांची तक्रार होती, तेच त्याला मोठा होऊ देत नव्हते.

या विचाराची मोठी चळवळ तिथं आहे. अल ब्रदर्स आणि मर्फी रे या टेक्सासमधल्या दोन जीवशास्त्रज्ञांनी १९७५ साली एक पुस्तक लिहिलं, आणि १९८८ साली जो हॅमिल्टन यांनी साउथ कॅरोलायनात त्या विचाराची संस्था उभी केली. सूत्र थोडक्यात असं: कोवळ्या नरांना जाऊ द्या, माद्या पुरेशा मारा, नोंद ठेवा, शेजाऱ्यांना सोबत घ्या. शिंगांचा आकार वय, आहार आणि वंश या तिघांवर ठरतो. वंश आपल्या हातात नाही, आहार थोडाफार आहे, पण वय पूर्णपणे बोटावर अवलंबून आहे, बोट चापावर असताना.

एका नोव्हेंबरात मी त्यांच्याबरोबर मचाणावर बसलो. दोघं मावतील असं लाकडी मचाण होतं, विदर्भात शेतराखणीसाठी बांधतात त्याहून थोडं उंच. शिकार करत नसलो तरी नारिंगी जाकीट घालणं मला भाग होतं. अंधारातच चढलो. थंडी इतकी की श्वास मिशीवर गोठत होता. उजाडताना खालच्या घळीतून एक नर वर आला, कोवळा, प्रत्येक शिंगाला तीन फाटे. वीस-पंचवीस पावलांवर येऊन ओकखाली थांबला. पायांनी पाला उकरून फळं खाऊ लागला. त्याच्या दाढांखाली फळ फुटल्याचा आवाज मचाणावर ऐकू येत होता. त्या गृहस्थांनी बंदूक मांडीवरून उचललीच नाही. फक्त हलकेच ओठ हलवले, "दोन." दोन वर्षांचा. दहा मिनिटं तो तिथं होता, मग निघून गेला. तासाभरानं दोन माद्या आल्या, एकीमागं एक. त्यांनी मोठीवर नेम धरला. आवाजानं माझे कान बधिर झाले. ती वीस पावलं धावली आणि पडली. खाली उतरल्यावर त्यांनी टोपी काढली, हातमोजा काढला आणि तिच्या मानेवर हात ठेवून थोडा वेळ बसले. मला तेव्हा काय वाटलं ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही. मला आईची आठवण आली, आणि लगेच त्या जाळीच्या आतल्या ट्रिलियमचीही. दोन्ही खरं होतं, आणि एकानं दुसरं पुसलं गेलं नाही.

पाच-सहा वर्षांत जबड्यांचं चित्र बदललं. चार-पाच वर्षांचे नर दिसू लागले. सगळे खूश. आणि मग जमिनीखालून दुसरंच काही निघालं.

क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, हरणांचा क्षयच म्हणा. १९६७ साली कोलोरॅडोत बंदिस्त हरणांमध्ये तो पहिल्यांदा लक्षात आला. गायींच्या मॅड काऊ रोगाच्या जातीचा. कारण जिवाणू नाही, विषाणू नाही, तर चुकीचं दुमडलेलं एक प्रथिन, प्रिऑन. औषध नाही, लस नाही, एकदा झाला की मरण ठरलेलं, पण वर्ष-दीड वर्ष जनावर ठणठणीत दिसतं. २००१ च्या मोसमात माउंट होरेब गावाजवळ मारलेल्या तीन नरांत तो सापडला आणि फेब्रुवारी २००२ मध्ये विस्कॉन्सिननं तो जाहीर केला. मिसिसिपी नदीच्या पूर्वेला पहिल्यांदाच. तिथून जवळच रायली नावाची वस्ती आहे. १९३१ साली तिथं लिओपोल्ड यांनी शेतकरी आणि शहरातले शिकारी यांची एक सहकारी मंडळी उभी केली होती. शेतकऱ्यांनी जमीन द्यायची, शहरवाल्यांनी खर्च, आणि रान दोघांनी राखायचं. शेजाऱ्यांनी मिळून जमीन सांभाळायची ती एक जुनी शाळा, आणि सत्तर वर्षांनी तिच्याच आसपास हा रोग.

राज्यानं त्या पट्ट्यातली सगळी हरणं मारून रोग उपटायचं ठरवलं. लांबलचक मोसम, सरकारी नेमबाज. तिथं दुसऱ्या किल्लीचा प्रश्न आला. अनेक मालकांनी फाटकं बंद केली. आयुष्यभर राखलेला कळप शून्यावर न्यायला त्यांचं मन तयार झालं नाही, आणि राज्यानं त्यांना विचारलं कमी, सांगितलं जास्त. काही वर्षांनी ती मोहीम गुंडाळावी लागली. आज त्या भागातल्या काही ठिकाणी प्रौढ नरांत दर तिघांत एकाहून अधिक रोगी निघतात.

माझ्या व्यवसायाचा संबंध इथं पुन्हा येतो. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की असे प्रिऑन मातीतल्या मॉन्टमोरिलोनाइट या चिकणमातीच्या कणांना घट्ट चिकटतात, चिकटूनही रोग देण्याची ताकद गमावत नाहीत, उलट प्रयोगशाळेतल्या हॅमस्टरना तोंडावाटे दिल्यावर ती कित्येक पटींनी वाढलेली दिसली. मॉन्टमोरिलोनाइट! श्रोत्यांत कुणी शेतकी महाविद्यालयातले असतील तर त्यांना धक्का बसेल. आपली दख्खनची काळी, उन्हाळ्यात भेगाळणारी, पावसात फुगणारी माती ज्या कणांमुळे तशी वागते, तेच हे कण. भारतात हा रोग आढळलेला नाही. पण ज्या मातीला मी लहानपणापासून आई म्हणत आलो, तिच्याच अंगाचा कण मरण धरून ठेवतो, हे वाचून त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्या पाच मालकांनी चार मोसम जाऊ दिलेला एक नर होता. रानवाटेवर लावलेल्या कॅमेऱ्यातलं त्याचं दर वर्षीचं चित्र त्यांनी शीतकपाटावर लावलेलं. पाचव्या वर्षी तो आमच्या गृहस्थांच्याच गोळीला पडला. धिप्पाड, चकचकीत, एकही दोष नाही. घशातल्या गाठी काढून तपासणीला पाठवल्या. या रोगानं माणूस आजारी पडल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण रोगी हरणाचं मांस खाऊ नका असा आरोग्य खात्याचा सल्ला आहे, म्हणून निकाल येईपर्यंत मांस गोठवून ठेवतात. दोन आठवड्यांनी निकाल आला. रोगी. प्रौढ नर जास्त फिरतो, जास्त माद्यांजवळ जातो, झुडपांवर खुणा करत हिंडतो. माद्यांपेक्षा त्याच्यात रोग अधिक. म्हणजे ज्या शिस्तीनं त्यांनी नरांना म्हातारं होऊ दिलं, त्याच शिस्तीनं रोगाला चालणारे पाय दिले. फोनवर ते बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी एवढंच विचारलं, क्लोव्हरच्या तुकड्यावर एकाच जागी सगळी तोंडं घालतात, ते चालेल का? मी म्हणालो, नाही चालणार. त्या वसंतात त्यांनी दोन्ही तुकडे नांगरून तिथं ओक लावले.

पुढच्या जानेवारीत त्या टेबलावर नियम बदलले. मोठे नर राखायचे नाहीत. माद्या आणखी कमी करायच्या. प्रत्येक हरीण तपासायचं. पाचांपैकी एक मालक उठून गेला. त्याचं म्हणणं, रोग आहेच, मग मी शिंगांचा आनंद का सोडू? मला तो चुकला असं वाटतं, पण त्याचं दुःख खोटं नव्हतं.

टेक्सासबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. तिथल्या खासगी रँचांवर गेल्या शतकात आपलं चितळ, आपलं काळवीट, आपली नीलगाय, म्हणजे विदर्भातला रोही, नेऊन सोडले. परके म्हणून त्यांना मोसम नाही, वर्षभर मारता येतात. चितळ गवतावर जगू शकतं, पांढऱ्या शेपटीचं हरीण तितकं जगू शकत नाही. एकाच रानात दोन्ही ठेवली की पांढऱ्या शेपटीचं मागे पडतं. पाहुण्याला दोष देऊन उपयोग नाही. त्याला नेलं कुणी?

इथं येताना दोघा-तिघांनी मला विचारलं, आता आपल्याकडेही रोह्यांची, रानडुकरांची शिकार खुली करा असं तुम्ही सांगणार का? मी ते सांगायला आलेलो नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आपण ज्या अवस्थेत केला ती मला आठवते. शिवाय ऐंशी एकरांचा मालक आणि आपला शेतकरी यांची तुलनाच होत नाही. २०१५-१६ च्या कृषिगणनेत महाराष्ट्रातलं सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर होतं. रात्रभर तुरीत डबा वाजवत बसलेल्या माणसाला मी मचाणावरची शिस्त शिकवणार नाही. पण विस्कॉन्सिनमध्ये एक पद्धत आहे, ती विचार करण्याजोगी आहे. हरणांनी पीक खाल्लं तर नुकसानभरपाई मिळते, तो पैसा शिकारीच्या परवान्यांतून येतो, आणि भरपाई घेणाऱ्याला आपलं रान शिकाऱ्यांना खुलं करावं लागतं. म्हणजे जनावर, पीक, पैसा आणि संख्या एकाच वहीत लिहिलेली. आपल्याकडे पंचनामा एका टेबलावर असतो, जनावरांची मोजणी दुसऱ्यावर, आणि रोपं कुणी मोजतच नाही.

मी परत येण्याच्या आधीचा उन्हाळा. गृहस्थ आता काठी घेऊन चालत. आम्ही जाळीपाशी गेलो. त्यांनी खिशातून सुताराची घडीची पट्टी काढली आणि मला दिली, कारण त्यांना वाकता येत नव्हतं. जाळीबाहेर, ठरवून खुंट्या ठोकलेल्या जागांवर मॅपलची रोपं मोजायची होती. दहा खुंट्या. चारांपाशी काहीच नव्हतं. तिघांपाशी रोपं होती, पण शेंडे खाल्लेले. उरलेल्या तिघांपाशी शेंडा शाबूत. सर्वांत उंच रोपाला मी पट्टी लावली आणि ओरडून सांगितलं, "अकरा इंच." त्यांनी वही मांडीवर धरून लिहिलं, मग मान वर न करता म्हणाले, "पुन्हा मोज. पट्टी मातीत खुपसू नकोस." मी पुन्हा मोजलं. साडेदहा निघालं. त्यांनी अकरावर रेघ मारून साडेदहा लिहिलं.